गाय ओकत नाही

भरड्याचं घमेलं उघडं कुणी ठेवलं, यावरून त्या सकाळी गोठ्यात जुंपली.

"मी झाकण घातलं होतं," नवरा म्हणाला. तो दुधाचा कॅन दाराकडे सरकवत होता आणि मान वर करत नव्हता.

"घातलं होतं तर मग त्याला पाय फुटले का?"

"ते मला माहीत नाही. पण घातलं होतं."

"वर दगड ठेवलात?"

"दगड नाही ठेवला."

"मग झाकण घातलं असं म्हणू नका. कुत्र्याला ताट वाढलं असं म्हणा. दोन गाईंचा भरडा होता तो, रात्रभर भिजवलेला. आता त्या काय माझं तोंड बघून दूध देणार?"

"अगं, खाल्लं तर खाल्लं. एवढ्या मोठ्या धुडाला एक घमेलं म्हणजे काय? दात कोरायला पुरलं नसेल."

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो दारात बसला होता. दारात म्हणजे दारभर. त्याच्यामागचं अंगण दिसत नव्हतं. काळ्या तोंडावर भरड्याचा पिवळा लेप, लोंबत्या ओठांतून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे दोघं कुणा तिसऱ्याला बोलतायत आणि त्या तिसऱ्याबद्दल आपल्याला फार वाईट वाटतंय. तिला हसू आलं. तिनं ते पदरात लपवलं आणि त्याच पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"पाहुण्या, लाज आहे का?"

पाहुण्यानं शेपटी हलवली. बादली उलटली.

त्याचं नाव पाहुणा पडलं, कारण तो चार दिवसांसाठी आला होता. तिचा धाकटा दीर दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. दीड वर्षापूर्वी तो टँकरच्या केबिनमधून एक पिल्लू घेऊन उतरला. बोकडाएवढं पिल्लू. "वहिनी, एका बंगल्यातल्या बाईंचं आहे. त्या परदेशी चालल्यात. दुसरी सोय होईपर्यंत चार दिवस राहू दे." चार दिवसांचे चार महिने झाले, पिल्लाचं वासरू झालं, आणि सोय कुणी विचारेनासं झालं. दारातून आत येताना त्याला पाठ वाकवावी लागायची. कोंबड्यांना तो घाबरायचा. रात्री थंडीत वासरांच्या गोणपाटावर त्यांच्यात झोपायचा, आणि सकाळी गाय आपल्या वासराबरोबर त्यालाही चाटायची. एकदा त्याला गिरणीच्या काट्यावर चढवला तेव्हा गिरणीवाली म्हणाली, "बारीक दळू का जाडसर?" काटा एकाहत्तर किलोवर थांबला.

पण घरात तो खरा कुणाचा असेल तर सासऱ्यांचा. आबांचा. आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला तीन वर्षं झाली होती. पायरीपलीकडं जाणार नाहीत असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं. काठी दिली तर ती भिरकावून द्यायचे. मग हा वाढला. वाढता वाढता त्याची पाठ बरोबर आबांच्या उजव्या हाताखाली आली. एके दिवशी तोल जाताना आबांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला, आणि तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं पायरी उतरले. मग फाटकापर्यंत. मग पार कालव्याच्या पुलापर्यंत. आबा थांबले की तो थांबायचा, आबांनी पाऊल टाकलं की तो टाकायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दहाच्या सुमारास आबा ओसरीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "चला पाहुणे, हजेरी लावून येऊ."

त्या सकाळी भांडण संपलं, दूध गेलं. पाहुण्यानं भरड्यावर हौदातलं पाणी पोटभर प्यायलं आणि सुटलेल्या कालवडीमागं घासाच्या वाफ्यातून दोन फेऱ्या मारल्या. ती मधल्या शेतात घास कापत होती. विळा चालवताना तिनं पाहिलं, तो पळायचा थांबला होता. पुढचे पाय फाकवून उभा होता. मान वळवून स्वतःच्या बगलेकडं बघत होता, तिथं कुणी हाक मारल्यासारखा.

ती जवळ गेली. पाहुण्यानं घशातून आवाज काढला, पोट आत ओढलं, मान लांब केली. थोडा फेस पडला. परत तसंच. परत फेस.

तिनं विळा खाली ठेवला आणि फासळ्यांच्या मागं, डाव्या अंगाला, दोन बोटांनी टिचकी मारली. रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

"फुगलाय," ती म्हणाली. आणि हे सांगायलाच हवं की तिला तेव्हा भीती वाटली नाही. उलट जरा हायसंच वाटलं. कारण पोट फुगणं म्हणजे तिच्या हातातलं काम.

गावात तिला वैदीण म्हणत. आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत अगदी मनापासून. ओला घास जास्त खाऊन गाय फुगली की लोक तिच्याकडं धावत येत. जेवत असली तर हात धुऊन निघायची. तिचे वडील गुरं राखायचे, त्यांच्याकडून ती शिकली होती. पण वडिलांपेक्षा ती पुढं गेली होती, कारण ती लिहून ठेवायची. कोणतं जनावर, काय खाल्लं, किती वेळानं फुगलं, किती तेल दिलं, ढेकर कधी आला. एका जुन्या वहीत बेचाळीस जनावरं होती. त्यांतली एकोणचाळीस वाचली होती. जी तीन गेली त्यांच्यापुढं तिनं कारण लिहिलं होतं: "उशिरा बोलावलं."

पाहुण्याला ती गोठ्यापर्यंत हळू चालवत आणली. नवरा दूध घालून नुकताच टेम्पो लावत होता.

"काय झालं?"

"तुमच्या त्या न ठेवलेल्या दगडानं झालं. फुगलाय."

त्यानं जवळ येऊन बघितलं. "ओकतोय गं हा."

"ओकत नाही. ढेकर यायला बघतोय, येत नाही. वाट करून द्यायला पाहिजे."

"मी काय म्हणतो, टेम्पो रिकामाच आहे. दवाखान्यात नेऊ का? वीस किलोमीटर तर आहे."

ती तेलाची बाटली शोधत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "आणि त्या खड्ड्यांतून धक्के देत नेऊन काय करायचं? फुगलेलं जनावर आडवं झालं की संपलं. त्याला उभं ठेवायचं असतं. गेल्या खेपेला पलीकडच्यांची गाय टेम्पोत घातली ती उतरलीच नाही, विसरलात?"

"पण हा कुत्रा आहे."

"पोट ते पोटच."

या विषयात तिच्यापुढं गाव गप्प बसायचं, तो तर नवराच होता.

तिनं हिशोब केला. गाय चारशे किलोची, हा सत्तरचा. म्हणजे साधारण सहावा भाग तेल. तिनं मापातून मोजून घेतलं, थेंबही जास्त नाही. त्याची मान वर धरून गालाच्या कडेनं सोडलं. तेल गेलं तसं परत बाहेर आलं, फेसात मिसळून तिच्या हातावर. तिला वाटलं, त्याला चव आवडली नाही. पुन्हा दिलं. पुन्हा आलं.

मग तिनं घरातली लाटण्याएवढी जाड काठी घेतली, त्याच्या जबड्यात आडवी दिली आणि दोन्ही टोकांना दोरी बांधून ती कानामागं घट्ट केली. गाईला असं केलं की ती काठी चघळत राहते, लाळ सुटते, घसा मोकळा होतो आणि वायू वर येतो. गाय आधी झटापट करते, शिंगं मारते, दोघांनी धरावी लागते. पाहुण्यानं काहीच केलं नाही. तोंड उघडून दिलं. दोरी बांधताना तिला नीट जमावं म्हणून मान थोडी खाली घेतली.

"शहाणा माझा," ती म्हणाली. "उभा राहा. असाच उभा राहा."

गोठ्याच्या दारात चढण होती, तिच्यावर तिनं त्याचे पुढचे पाय चढवले, म्हणजे वायू वरच्या बाजूला येईल. आणि मुठीनं डाव्या अंगाला खालून वर चोळायला लागली. तो दोनदा खाली बसू लागला. दोनदा तिनं त्याला "उभा राहा" म्हटलं आणि दोनदा तो उभा राहिला.

गिरणीवाली ताक मागायला आली होती ती तिथंच थबकली. "अगं बाई, याला लगाम का घातलास? घोडा केलास की काय अखेर?"

"पोट फुगलंय त्याचं."

"मग उतरेल. तू आहेस ना." आणि ती उंबऱ्यावर बसून गप्पा मारू लागली, कारण वैदीण जनावरापाशी असली की बघणाऱ्याला काळजी नसायची.

ओसरीवरून आबांची हाक आली. "सूनबाई, पाहुणे कुठं आहेत? दहा वाजून गेले."

"जरा पोट बिघडलंय त्याचं, आबा. तासाभरात उतरेल."

"नक्की ना?"

"नक्की."

एक तास गेला. दीड गेला. ढेकर आला नाही. पोट मात्र आता दोन्ही अंगांनी चढलं होतं, आणि गाईचं असं दोन्हीकडं चढत नाही. हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं आणि तिनं चोळायचा जोर वाढवला. वहीत असं एकही जनावर नव्हतं, म्हणून तिला वाटलं, हा भरडा जास्त आंबला असणार. माणसाचं असंच असतं, जे माहीत आहे त्याच्यातच तो कारण शोधतो.

सव्वाबाराला तिनं काठी सोडली. त्याला पाणी पाजावं म्हणून ओठ वर केला, तर हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. राखेसारख्या. तिनं त्याच्या पंजाला हात लावला. गार होता.

"अहो," ती म्हणाली. हाक मारली असं म्हणायचं, पण आवाज फुटला नाही. गिरणीवालीनं तिचा चेहरा पाहिला आणि तिनंच ओरडून नवऱ्याला बोलावलं.

तिघांनी मिळून त्याला टेम्पोत चढवलं. तो उभाच राहिला; ती मागं बसली, त्याचं डोकं खांद्यावर घेऊन. खड्डा आला की दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घालायची. ज्या रस्त्यानं नेऊ नका म्हणाली होती त्याच रस्त्यानं ते पंचवीस मिनिटांत पोचले. पंचवीस मिनिटं. तिला वाटत होतं, तासभर लागतो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटाला हात लावला, हिरडी दाबून बघितली, छातीला नळी लावली. त्यांची बोटं भराभर चालत होती. मग त्यांनी एक जाड सुई पोटात घातली. वायू शिट्टीसारखा सुटला. वैदिणीनं डोळे मिटून घेतले. सुटला, एकदाचा सुटला.

"खाल्लं कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साडेसात."

"ओकायला कधी लागला?"

"साडेनऊच्या सुमारास. पण ओकला नाही. ढेकर..."

"पडलं काही?"

"फेस. नुसता फेस."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पावणेएक वाजला होता. "घरी काय केलंत?"

तिनं सगळं सांगितलं. तेल किती, कसं मोजलं, काठी केवढी, चढण, चोळणं. काहीही वगळलं नाही. तिनं आयुष्यभर असंच लिहिलं होतं, तसंच सांगितलं.

डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गाय असती तर ताई, तुम्ही वाचवली असती. तुमचं एकही चुकलं नाही. गाईसाठी."

"म्हणजे?"

"गाईचं पोट मोठं असतं, जागेवर बसलेलं असतं. वायू कोंडला तर वाट मोकळी केली की निघतो. याची छाती अशी खोल आहे, आणि पोट आत झोळीसारखं टांगलेलं. भरलं, वर पाणी, वर धावणं. झोळीनं झोका खाल्ला आणि फिरली. पिशवीला पीळ द्यावा तसं. वरचं तोंड बंद, खालचंही बंद. तेल आत जाणार कुठून? आणि एक आहे. गाय ओकत नाही. कुत्रं ओकतं. ते ओकायला बघतंय आणि काहीच पडत नाही, म्हणजे वाट पिळून बंद झालीय."

"तो मला सांगत होता," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सुई काढून त्या जागी कापूस दाबला.

नवऱ्यानं विचारलं, "आता कापून सरळ करता येईल?"

"साडेनऊला आणला असता तर केलं असतं. दहाला, अगदी साडेदहालाही. इथंच केलं असतं, मला येतं. खात्री कुणीच देत नाही, पण बरेच वाचतात. आता आतलं काळं पडलं असणार, आणि हृदय बघा, घोडदौड करतं, थांबतं. भूल दिली तर भुलीतच जाईल. नाही दिली तर दोन-तीन तास काढेल. ते दोन-तीन तास मात्र फार वाईट असतात."

नवरा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्याच्यानं ते बोलवणार नव्हतं हे तिला कळलं. सकाळपासून सगळं तिनंच ठरवलं होतं. हेही तिनंच ठरवायचं होतं.

"त्याला कळेल?" तिनं विचारलं.

"झोप येईल. तेवढंच."

"मग द्या."

पाहुणा तेव्हा उभा होता. टेबलावर तो मावत नव्हता, म्हणून त्याला फरशीवरच ठेवलं होतं, आणि चारही पाय थरथरत असताना तो उभाच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसत का नाही हा? एवढ्या वेदनेत कुठलंही जनावर आडवं होतं."

तिला उत्तर माहीत होतं. तिनं त्याच्या कानापाशी तोंड नेलं. ओठांच्या कडांना दोरीचे वळ उठले होते.

"बस," ती म्हणाली. "पाहुण्या, बस आता."

तो बसला. मग आडवा झाला. त्यानं तिच्या हातावर डोकं टेकलं, सगळं ओझं टाकून, आणि असा उसासा सोडला की ती तीन तास ज्या ढेकराची वाट बघत होती तो असाच असता.

खड्डा वासराला लागतो तेवढा खणावा लागला. दीर टँकर वाटेत लावून आला आणि तसाच कुदळ घेऊन उतरला. दोघं भाऊ खणत होते, गिरणीवाली घमेल्यानं माती ओढत होती आणि तोंडानं काही बोलत नव्हती, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. निम्मा खड्डा झाल्यावर दीर थांबला.

"दादा, एक सांगायचं राहिलं होतं."

"काय?"

"त्या बंगल्यातल्या बाईंनी पिल्लू देताना एक कागद दिला होता. इंग्रजीत होता, त्यांनी वाचून पण दाखवला. दिवसातून तीनदा थोडं थोडं द्या. जेवल्यावर पळवू नका. पोट फुगलं तर जागेवर थांबू नका, डॉक्टरकडं न्या. कागद टँकरमध्ये कुठं गेला कुणास ठाऊक. मी तुम्हाला तीनदा जेवणाचं सांगितलं, तर सगळे हसलात. साहेब आहे का म्हणालात. मग पुढचं सांगितलंच नाही."

नवऱ्यानं कुदळ टाकली. "आणि हे आज सांगतोस? आज? खड्ड्यात उभा राहून?" त्यानं भावाची गचांडी धरली. "दीड वर्ष तुझ्या जिभेला काय झालं होतं?"

"सोडा त्यांना," ती म्हणाली. ती खड्ड्याच्या काठावर, पाहुण्याच्या अंगावर पांघरलेल्या गोणपाटापाशी बसली होती.

"सोडा काय? याच्यामुळं..."

"भाऊजींनी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पोट फुगल्यावर काय करायचं ते बंगल्यातली बाई मला शिकवणार का, असंच म्हटलं असतं. तुम्ही सकाळी सांगितलंत की. तुमचं तरी ऐकलं का?"

नवऱ्यानं हात सोडला. दीर रडू लागला, ड्रायव्हर माणूस, मिशीवाला, कुदळीच्या दांड्यावर डोकं टेकून. मग तिघांनी मिळून उरलेला खड्डा खणला.

आबांना सांगायला तीच गेली. ते ओसरीवर, सकाळी बसले होते तिथंच होते. टेम्पो गेलेला आणि आलेला त्यांनी पाहिला होता. खणण्याचा आवाज ऐकला होता. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं तसं.

आबांनी डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "काठी बांधलीस तेव्हा चावला नाही?"

"नाही."

"ओढाओढ?"

"नाही, आबा. मान खाली करून दिली."

आबांचं तोंड वाकडं झालं. डावी बाजू हलत नव्हती, सगळं रडणं उजव्या गालावर आलं. "मला हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही काय करणार होता?"

"काही नाही. त्याच्याजवळ बसलो असतो."

ती त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. संध्याकाळच्या धारा त्या दिवशी नवऱ्यानं एकट्यानं काढल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आबा उठले. ते पायरीच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी उजवा हात बाजूला, कमरेच्या उंचीवर, खाली सोडला. हात हवेत राहिला. ती चुलीजवळून बघत होती. धावत जाऊन तिथं आपला खांदा द्यावा असं तिच्या मनात आलं, पण ती गेली नाही. ती जागा तिची नव्हती. थोड्या वेळानं आबांनी हात मागं घेतला, भिंत धरली आणि आत येऊन झोपले.

त्या दुपारी तिनं वही काढली. त्रेचाळीस असा आकडा घातला. खाल्लं काय, किती, फुगलं कधी, सगळं लिहिलं. "कारण" या रकान्यापाशी आली. तीन ठिकाणी तिनं तिथं "उशिरा बोलावलं" असं लिहिलं होतं, आणि लिहिताना त्या-त्या मालकांचा तिला राग आला होता. एवढा जीव जातोय आणि माणसं घरातच काय बसतात, असं वाटलं होतं. तिनं पेन ठेवलं. रकाना कोरा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला ती स्वतः गेली. एरवी ते नवऱ्याचं काम. दूध केंद्रावर पंधरा-वीस माणसं रांगेत होती. मोजणारा माप लावत होता. तिला बघून रांग जरा सरकली, कुणीतरी "वाईट झालं हो" म्हणालं, कुणी मान हलवली. गिरणीवालीनं आपला कॅन मागं घेतला. "ये, पुढं ये."

"नको," ती म्हणाली. "मला एक सांगायचंय सगळ्यांना."

मोजणाऱ्यानं माप खाली ठेवलं.

"माझा कुत्रा कशानं गेला ते तुम्ही ऐकलं असेल. भरडा खाल्ला, पोट फुगलं, नशीब. नशीब नव्हतं. मी गाईचा उपाय त्याला केला. तीन तास केला. त्या तीन तासांत डॉक्टरकडं नेला असता तर बहुतेक वाचला असता. कुत्र्याचं पोट फुगलं, ते ओकायला बघतंय आणि काही पडत नाही, तर तेल पाजू नका. काठी बांधू नका. माझ्याकडं आणू नका."

मग वीटभट्टीवाला म्हणाला, "वैदीणबाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या म्हशीला तुम्हीच वाचवलंत. तुमच्या हाताला गुण आहे."

"आहे ना. म्हणूनच त्यानं तोंड उघडून दिलं."

त्याच्या भट्टीवर राखणीला दोन मोठी कुत्री होती. त्यानं खिसा चाचपला. "मग न्यायचं कुठं? दवाखान्याचा नंबर आहे का कुणाकडं?"

"लिहून घ्या," ती म्हणाली.

मोजणाऱ्यानं भिंतीवर खडूनं लिहायला हात उचलला. कुणी तळहातावर, कुणी कॅनच्या झाकणावर. ती एकेक आकडा सांगत होती, सावकाश, सगळ्यांना लिहून होईपर्यंत थांबत. गिरणीवालीकडं पेन नव्हतं, ती पुटपुटत घोकत होती आणि मधेच चुकली, म्हणून तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगितला. दुसऱ्यांदाही ती कुठं अडखळली नाही. कागदाकडं बघितलं नाही, कारण तिच्या हातात कागद नव्हताच.

"तोंडपाठ आहे की तुझ्या," गिरणीवाली म्हणाली. ती कौतुकानंच म्हणाली होती.

"हो," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं गाई भरवायला, रेतनाला, त्याच दवाखान्यात फोन लावते. पाठ आहे."

तिनं कॅन उचलला आणि मापापाशी ठेवला.

"त्या दिवशीही पाठ होता."